दुसऱ्या रकान्यातला नंबर

"पोराला ताप आहे आणि आई फोन उचलत नाही." हे वाक्य मी माझ्या मावशीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यातला 'आई' हा शब्द मला खटकायला लागलाय.

मावशी पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सिस्टर आहे. जीएनएम केलेली, वीसेक वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळलेली बाई. नाइट ड्युट्या झेपेनाशा झाल्या म्हणून तिनं शाळेतली नोकरी धरली. नातेवाइकांना वाटतं, आता आराम आहे. गुडघा खरचटला तर औषध लावायचं, गणिताच्या तासाला पोट दुखणाऱ्याला दहा मिनिटं बसवून वर्गात परत पाठवायचं, बस्स. प्रत्यक्षात दीड हजार मुलं, एक सिस्टर, दोन खाटा आणि एक रजिस्टर असा तो कारभार आहे. रजिस्टरमध्ये रकाने आहेत: वेळ, नाव, इयत्ता, तक्रार, ताप किती, काय केलं, पालकांना फोन कधी केला, मूल कधी नेलं. शेवटच्या दोन रकान्यांमध्ये किती तास जातात, याबद्दल मला बोलायचंय. ११.१०ला फोन, ११.२५ला परत फोन, ११.५०ला परत. मूल नेलं २.४५ला, म्हणजे शाळा सुटल्यावर, नेहमीच्या व्हॅनकाकांनी.

मधल्या साडेतीन तासांत फोनवर काय काय ऐकू येतं, ते मावशीला आता पाठ झालंय. "आत्ता मीटिंगमध्ये आहे, बारानंतर करते." "सकाळी तर ठणठणीत होता." "थोडा वेळ झोपवा, बरं वाटेल त्याला." "तुम्ही गोळी द्या ना, सिस्टर आहात ना तुम्ही?" "आज युनिट टेस्ट आहे, पेपर झाला की बघू." आणि बऱ्याचदा नुसती रिंग वाजत राहते.

'सकाळी तर ठणठणीत होता' यामागचं गणित मावशीनं मला एकदा समजावून सांगितलं. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. साडेसहाला सिरप पाजलं की साडेसातला व्हॅनमध्ये चढणारं मूल खरोखरच ठीक दिसतं. अकराच्या आसपास औषधाचा अंमल उतरायला लागतो, ताप चढतो आणि मूल मेडिकल रूमच्या दारात येऊन उभं राहतं. म्हणून अकरा ते साडेबारा ही मावशीची गर्दीची वेळ. पावसाळ्यात तर दोन खाटांवर चार मुलं आडवी असतात, पाचवं खुर्चीत.

यात नुसती गैरसोय नाही, धोका आहे. औषधानं ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. म्हणजे साडेसात ते अकरा ते मूल बाकावर शेजाऱ्याला चिकटून बसलेलं असतं, त्याच्या डब्यातलं खात असतं. शिवाय पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये किमान चार तास जावे लागतात. सकाळी डोस झालाय की नाही हे कळल्याशिवाय सिस्टरनं काही द्यायचं नाही, आणि नेमकं हेच घरून लपवलं जातं. पहिलीतली एक मुलगी मावशीला म्हणाली होती, "आईने औषध दिलंय, पण शाळेत सांगायचं नाही असं सांगितलंय." सहा वर्षांच्या पोरीला ताप होता, शिवाय एक गुपितही सांभाळायचं होतं.

आणखी दोन गोष्टी हॉस्पिटलात काम केलेल्या माणसाला चैन पडू देत नाहीत. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या दर शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना कधी ना कधी तापात झटका येतो. नर्सरी, ज्युनिअर केजी याच वयाचे. असा झटका बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवून जात नाही, पण तो येईल तेव्हा खोलीत एकटी मावशी असते आणि बाकीच्या खाटांवर बाकीची मुलं. दुसरी गोष्ट डेंगीची. पुण्यात पावसाळा आला की डेंगी येतो, आणि डेंगीत धोक्याची लक्षणं अनेकदा ताप उतरायला लागल्यावर दिसतात: सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, मूल मलूल पडणं. त्यामुळे "ताप उतरलाय ना, मग राहू दे" हे फोनवरचं उत्तर ऐकून मावशी निर्धास्त होऊ शकत नाही. तिला डॉक्टर हवा असतो, आणि डॉक्टरकडे न्यायला घरचं माणूस.

तेव्हा मावशीचा राग खरा आहे. माझं भांडण आहे ते हा राग जिथे जाऊन आदळतो त्याच्याशी.

स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की निष्कर्ष तयार असतो. आजकालच्या आयांना करिअर हवं, पोरं नकोत. नोकरीच करायची होती तर जन्माला कशाला घातलं? पूर्वीच्या बायका बघा. हे बोलणाऱ्यांत पुरुष असतात तेवढ्याच बायका असतात, आणि रिटायर झालेले काका तर असतातच. 'आजकालच्या बापांना' अशी सुरुवात असलेलं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. बाप आला नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

शाळेच्या प्रवेशअर्जावर दोन रकाने असतात. पहिल्यात आईचा मोबाइल, दुसऱ्यात वडिलांचा. नावाच्या बाबतीत आपली पद्धत नेमकी उलटी आहे. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, मग आडनाव. फीच्या पावतीवर बाप. गॅदरिंगला पहिल्या रांगेत बाप. उलटी झाली की मात्र आई. मी मावशीला विचारलं, "तू बाबांना लावत नाहीस का फोन?" ती म्हणाली, "लावते की. ते म्हणतात, मिसेसना फोन करा, मी ऑफिसमध्ये आहे." जणू मिसेस माहेरी आंबे खायला गेल्यात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि हे बाबा माझ्या ओळखीचे आहेत. मावशीच्या शाळेतले नसतील, पण त्याच साच्यातले. हिंजवडीत, खराडीत, बाणेरला माझ्यासारख्याच टीममध्ये ते काम करतात. आमच्याकडे ऑन-कॉल नावाची पद्धत असते. एखादी यंत्रणा बंद पडली की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. पाच-दहा मिनिटांत त्यानं 'बघतोय' म्हणून कळवलं नाही तर फोन आपोआप दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे, मग मॅनेजरकडे. याला एस्कलेशन म्हणतात. कुणी काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, पाळ्या वाटलेल्या असतात, आणि पाळीच्या आठवड्यात तो माणूस सिनेमालाही लॅपटॉप घेऊन जातो. मंगल कार्यालयाच्या जिन्यात मांडीवर लॅपटॉप ठेवून बसलेला नवरदेवाचा भाऊ तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा आमच्या बाबालोकांना फोन उचलायची सवय नाही, असं कुणी म्हणू नये.

आता यापुढे शाळेची पद्धत ठेवून बघा. एका ग्राहकाचं पेमेंट अडकलं तर चार माणसं रांगेत उभी. पोराला १०२ ताप आला तर एकच नंबर, तो लागला नाही तर पुन्हा तोच नंबर. आमच्या क्षेत्रात अशी रचना कुणी मांडली असती तर पहिल्याच बैठकीत त्याला विचारलं असतं, ही व्यक्ती उपलब्ध नसेल तर काय? घराच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा नसतो. आईनं उपलब्ध असायचंच असतं.

हे फक्त माझ्या आजूबाजूच्या चार घरांवरून सांगत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरच्या बायकांपैकी २७.६ टक्के बायका रोज घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्याचं काम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण १४ टक्के होतं. त्यातही हे काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६ मिनिटं. म्हणजे करणारे पुरुष निम्मे, आणि जे करतात तेही अर्ध्या वेळात हात झटकतात.

पण एवढ्यावर थांबून बापांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि ते अपुरं आहे. 'मी ऑफिसमध्ये आहे' हे तो खोटं बोलत नसतो. ऑफिसातून अकरा वाजता उठणं सोपं नसतं. खराडीहून वाकडला यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये तासाच्या वर वेळ जातो, मग डॉक्टर, मग औषधं, म्हणजे दिवस गेला. हा दिवस कुठून आणायचा, याचं उत्तर आपल्याकडे कुणीच दिलेलं नाही. आणि ते कुणीच दिलेलं नाही, ही मला या प्रकरणातली सगळ्यांत संतापजनक गोष्ट वाटते, कारण मूल आजारी पडणं ही अचानक ओढवलेली आपत्ती नाहीच मुळी.

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला, ताप होणं बालरोगतज्ज्ञ सामान्य मानतात. शाळेची पहिली वर्षं तर त्यातच जातात. शरीर त्यातूनच तयार होतं. म्हणजे हे ठरलेलं आहे. कोणत्या तारखेला ते माहीत नाही, पण होणार हे नक्की. समजा, धरून चालू सहाच वेळा, आणि दर वेळी दोन दिवस. बारा दिवस झाले. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी जो २०१७चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे. बारा दिवस आठात बसत नाहीत. एकट्या आईच्या रजेत पोराचं साधं, निरोगी, चारचौघांसारखं आजारपणही मावत नाही. दोघांची रजा मिळून सोळा दिवस होतात, त्यात ते मावतं. पण मग आई-बापानं वर्षभर स्वतः शिंकायचं नाही, बँकेत जायचं नाही, कुणाच्या मयताला जायचं नाही. दुसरं मूल असेल तर गणित मांडूच नका. भरपगारी रजा वेगळी असते हे मला माहीत आहे. ती आधी अर्ज करून, मंजूर करून घ्यायची असते. ताप अर्ज करून येत नाही.

कायद्यानं आईसाठी काहीच केलं नाही असं नाही. २०१७च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलंच आहे. पण पाळणाघर निरोगी मुलासाठी असतं. ताप असलेल्या मुलाला कुठलंही शहाणं पाळणाघर आत घेत नाही, घेऊही नये. आणि सव्वीस आठवड्यांनी आई कामावर परतते, तेव्हा मुलाच्या आजारपणांचा खरा हंगाम अजून सुरूही झालेला नसतो. बाळंतपण म्हणजे मातृत्व, आणि बाळंतपण संपलं की मातृत्वाचा कामाच्या जागेशी संबंध संपला, अशी काहीतरी या कायद्यामागची समजूत दिसते. खासगी नोकरीतल्या बापाला तर तेवढंही नाही. त्याच्यासाठी कायद्यात रकानाच नाही.

सरकारी नोकरीत परिस्थिती बरी आहे, पण तिथली मेख बघा. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची दिली. पुरुषांना? केंद्रात एकल पालक असेल तर, आणि राज्यात पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. बापानं पोराजवळ बसायला सरकारची ना नाही, फक्त बायको धडधाकट नको. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांच्या मनात वाईट काही नसणार. पण हाही प्रवेशअर्जासारखाच दोन रकान्यांचा फॉर्म आहे, आणि बाप इथेही दुसऱ्याच रकान्यात आहे.

याला पर्याय काय असतो, हे शोधायला फार डोकं लागत नाही. स्वीडननं १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी पालक रजा आणली, आणि मूल आजारी पडल्यावर घरी राहण्यासाठी वेगळी तरतूद केली. आज तिथे एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत घरी राहता येतं, आई किंवा बाप कुणीही, आणि पगाराच्या साधारण ८० टक्के पैसे सामाजिक विम्यातून मिळतात. त्यासाठी 'वाब' असा शब्द रुळलाय, आणि फेब्रुवारीत इतके आई-बाप घरी असतात की त्या महिन्याला गमतीनं 'वाब्रुआरी' म्हणतात. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा असलेल्या प्रत्येक पालकाला २०२४ मध्ये बारा वर्षांखालच्या एका मुलामागे १५ दिवस होते, एकट्या पालकाला ३०. स्वीडनमध्येही आजारी मुलासाठी बापांपेक्षा आया जास्त दिवस घरी राहतात, तेव्हा कायदा आला म्हणजे स्वर्ग अवतरतो असं मी म्हणत नाही. पण तिथल्या बापाला 'मिसेसना फोन करा' म्हणताना नियमाच्या आड लपता येत नाही.

"ते श्रीमंत देश आहेत हो." हे पहिलं उत्तर येणार. मान्य. १२० दिवस नकोत आपल्याला. दोन्ही पालकांना वर्षाला पाच-पाच दिवस, फक्त मुलाच्या आजारपणासाठी, न वापरल्यास बुडणारे आणि एकमेकांना न देता येणारे, एवढं देऊन कुठली आयटी कंपनी बुडणार आहे? महिला दिनाला केक कापण्याचा, 'आम्ही एक कुटुंब आहोत' असे टी-शर्ट वाटण्याचा खर्च कुणाला जड जात नाही. एकमेकांना न देता येणारे हे महत्त्वाचं. देता आले तर सगळे दहा दिवस आईच्याच नावावर जमा होतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

"लोक गैरवापर करतील." करतील काही जण. स्वतःच्या आजारपणाच्या रजेचाही करतात. टी-ट्वेंटीची फायनल असली की पुण्यातल्या निम्म्या टीमना पोटाचा त्रास होतो. म्हणून कुणी ती रजा बंद केलेली नाही.

"आजी-आजोबा असतात की." असतात. काहींचे कोल्हापूरला असतात, नांदेडला असतात, काहींचे स्वतःच गुडघे धरून बसलेले असतात. आणि ज्या आजीनं स्वतःच्या चार पोरांची आजारपणं काढली, तिनं सत्तरीत पुन्हा रिक्षा करून शाळेत धावत यायचं, ही सोय मला सोय वाटत नाही. आपण एका बाईचं काम दुसऱ्या बाईकडे सरकवलं आणि त्याला संस्कृती म्हटलं.

"आम्ही लाखभर फी भरतो, शाळेनं बघायला नको का?" हे मात्र थेट मावशीवर येतं, म्हणून इथे जरा थांबतो. सिस्टर प्रथमोपचार करते, लक्ष ठेवते, गरज पडली तर हॉस्पिटलात नेते. मुलाला घरी न्यायची वेळ झाली की तिचं काम संपायला हवं. ते संपत नाही. दोन तास ती उलटी पुसते, कोमट पाण्याच्या पट्ट्या ठेवते, ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजते, कपाटातला जादा युनिफॉर्म घालते, आणि दारात नाकातून रक्त आलेला सातवीतला मुलगा उभा असतो त्यालाही बघते. कंपनीनं बापाला न दिलेली सुट्टी, बापानं आईवर ढकललेला फोन आणि आईला न उचलता आलेला तोच फोन, हे सगळं शेवटी तिच्या दोन खाटांवर येऊन निजतं. आणि या साखळीत सगळ्यांत कमी पगार तिचा आहे. हॉस्पिटलात ती म्हणू शकायची, 'नातेवाइकांना बोलवा, नाहीतर मी मेट्रनना सांगते.' शाळेत पालक हे गिऱ्हाईक आहेत. तिनं फोनवर जरा आवाज चढवला तर संध्याकाळी प्रिन्सिपलना मेल जातो आणि दुसऱ्या दिवशी तिलाच बोलावणं येतं: जरा नीट बोलत चला पालकांशी.

शाळाही सोवळी नाही. दर जूनला तीच शाळा सर्क्युलर काढते की ताप असलेल्या मुलाला पाठवू नका, चोवीस तास औषधाशिवाय ताप नसेल तरच पाठवा. आणि मार्चमध्ये तीच शाळा स्टेजवर बोलावून शंभर टक्के उपस्थितीचं प्रमाणपत्र देते. वर्षभरात एकदाही आजारी न पडलेलं मूल हा योगायोग असतो, आणि आजारी असूनही आलेलं मूल हा बाकीच्यांना त्रास; यातल्या कशासाठी टाळ्या वाजवायच्या? चुकलेली युनिट टेस्ट नंतर घ्यायची सोय नसेल, तर आई-बाप सिरप पाजून पाठवणारच. कोविडच्या दोन वर्षांत आपण सगळे शिकलो होतो की आजारी माणसानं घरी राहावं. ऑफिसातला हजेरीचा स्वाइप आणि शाळेतलं उपस्थितीचं प्रमाणपत्र परत आलं, तशी ती अक्कल परत गेली.

इथवर मी ज्या घरांबद्दल बोललो त्यांच्याकडे निदान सिस्टर आहे. याच घरांमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचं मूल महापालिकेच्या शाळेत जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९च्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे: वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, ग्रंथालय. सिस्टर त्या यादीत नाही, आजारी मुलाला आडवं करायला खोलीही नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. काम चांगलं आहे, पण मंगळवारी अकरा वाजता चढलेल्या तापाला ते पुरे पडत नाही. तिथे बाईच बेंचवर झोपवतात, आणि वरच्या वर्गात मोठी बहीण असेल तर तिच्याबरोबर घरी पाठवतात. म्हणजे बहिणीचाही दिवस गेला. आईला फोन लागला तरी काय? अर्ध्या दिवसात निघून यायचं म्हणजे तिचा खाडा, आणि खाड्याचे पैसे कापणारी बाई बऱ्याचदा तीच असते, जी स्वतःच्या मॅनेजरला घाबरून मावशीचा फोन उचलत नाही. तिच्यावर रागवायचा मला हक्क नाही असं नाही, पण तिच्या मॅनेजरनं आणि नवऱ्यानं मोकळं सुटावं हे मला मंजूर नाही.

आणि हो, जबाबदारी झटकणारे आई-बाप असतातच. मावशीकडे असं एक घर आहे जिथे आई घरी असते, बाप दुकानात असतो, आणि दोघंही तीनच्या आधी कधी येत नाहीत. अशांसाठी कुठलीही रजा पुरणार नाही. पण अपवाद ओळखता यायला आधी नियम लागतो. आज ज्याला येता येत नाही आणि ज्याला यायचं नाही, हे दोघं रजिस्टरमध्ये सारखेच दिसतात. येण्याची सोय केलीत की झटकणारे आपोआप वेगळे दिसतील, आणि तेव्हा मावशीनं त्यांना खुशाल झापावं. मी चहा घेऊन शेजारी उभा राहीन.

मला मूल नाही, त्यामुळे "तुला काय कळतंय" हे मला ऐकावं लागणारच आहे. पण माझ्या वयाचे निम्मे वाचक पुढच्या पाच-सात वर्षांत तो प्रवेशअर्ज भरणार आहेत, आणि हे सगळं तेव्हा कळून फार उपयोग नाही. नोकरीच्या मुलाखतीत आपण जिमचं विचारतो, स्टॉकचं विचारतो, आठवड्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल हे विचारतो. मूल आजारी पडल्यावर तुमच्याकडे बापाला काय मिळतं, हे पोरांनी विचारायला सुरुवात केली पाहिजे. पोरींनी विचारलं तर त्यांची नोकरी जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधी पोरांनी विचारायचं.

शाळांनी करायची गोष्ट तर फुकटात होते. रजिस्टरमधला 'पालकांना फोन' हा रकाना दोन करा: कुणाला लावला, आणि त्यानंतर कुणाला. सम महिन्यात पहिला फोन आईला, विषम महिन्यात बापाला. अर्ध्या तासात कुणीच आलं नाही तर पुढचा फोन सिस्टरनं करायचा नाही, प्रिन्सिपलनी करायचा. आणि उपस्थितीचं ते प्रमाणपत्र छापणं बंद करा, तेवढाच कागद वाचेल.

मावशीनं तिच्यापुरती सुरुवात केलीय. हल्ली ती पहिला फोन बाबांना लावते. "मिसेसना करा" म्हटलं की विचारते, "मग तुम्ही किती वाजता येताय?" पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही, असं ती सांगते. एक-दोघांनी तक्रार केली आहे. एक-दोघं आले आहेत.